पंजशीरचा पाचू : बोगद्यातला सुरुंग आणि प्रयोगशाळेतला कागद

काबूलहून ईशान्येला निघालेला रस्ता गुलबहारपाशी डोंगरात शिरतो आणि पंजशीर नदीच्या काठाकाठाने वर चढत जातो. खोरे अरुंद आहे. नदीलगत तुतीची झाडे, गव्हाचे लहान तुकडे, मातीची घरे आणि दोन्ही बाजूंना हिंदुकुशाचे बोडके कडे. पंजशीर म्हणजे पाच सिंह. गझनीच्या महमूदासाठी पाच भावांनी इथे बंधारा बांधला, तेच हे पाच सिंह, अशी तिथली कथा. काबूलपासून सुमारे ११० किलोमीटरवर खेंज हे गाव आहे. खेंजपासून वर दश्त-ए-रेवतपर्यंतच्या डोंगरांत, साधारण ७,००० ते १४,००० फुटांच्या उंचीवर, पाचूच्या खाणी आहेत.

खाण हा शब्द इथे जपून वापरायला हवा. यंत्रांनी पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेला मोठा खड्डा डोळ्यांपुढे आणू नये. इथे आहेत ती कड्याच्या अंगाला पाडलेली भोके, माणूस वाकून आत जाईल एवढी, आणि त्यांच्या तोंडाशी उतारावर ओतलेला दगडांचा राडारोडा. वरच्या खाणींपर्यंत अन्न, पाणी, इंधन, दारूगोळा सगळे गाढवावर किंवा पाठीवर न्यावे लागते.

या डोंगरातला उत्तम खडा कोलंबियाच्या उत्तम खड्याशेजारी ठेवला तर नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणे भल्या भल्या जवाहिऱ्यांना अवघड जाते. तरी तो काढणाऱ्याच्या घरी त्याच्या अखेरच्या किमतीतला फार थोडा भाग पोहोचतो. याचे खापर दलालांवर फोडून विषय मिटवण्याची पद्धत आहे. मला ते उत्तर अपुरे वाटते. खडा दलालाच्या तळहातावर येण्याआधीच त्याच्या किमतीचा मोठा हिस्सा बोगद्याच्या टोकाशी, सुरुंग उडतो त्या क्षणी, कायमचा गेलेला असतो. तो सुरुंग तसा का लावला जातो, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे.

आधी खडक

पाचू हा बेरिल नावाच्या खनिजाचा हिरवा प्रकार. शुद्ध बेरिलला रंग नसतो. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश शिरला की तो हिरवा रंग उतरतो. सांगायला सोपे, पण निसर्गात ही गाठ क्वचितच पडते. बेरिलियम राहते खंडांच्या कवचात, ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या सोबतीने, आणि तेही दहा लाख भागांत दोन-तीन भाग एवढेच. क्रोमियमचा मोठा साठा असतो पृथ्वीच्या पोटातून, महासागराच्या तळाखालून वर आलेल्या गडद खडकांत. दोघांनी एकत्र यायचे तर जमिनीला फार मोठी हालचाल करावी लागते.

पंजशीरमध्ये ती झाली. खोऱ्यातून हेरात-पंजशीर प्रस्तरभंग जातो. प्राचीन समुद्र मिटून भूखंड जिथे एकमेकांना भिडले, त्या सांध्यालगतची ही रेघ. पुढे भारतीय भूपट्ट आशियाला धडकला आणि या सगळ्या प्रदेशातले खडक पुन्हा दाबले, मुरडले, भेगाळले गेले. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी तापलेले, अतिशय खारट पाणी या भेगांतून फिरले. त्याने वाटेत लागणारी मूलद्रव्ये विरघळवून घेतली आणि निवताना क्वार्ट्झ, अँकेराइट आणि पायराइट यांच्या बारीक शिरांत पाचू सोडून दिला. त्या पाण्याचे थेंब आजही खड्यांच्या आत बंद आहेत. त्यांच्याकडे नंतर परत यायचे आहे.

खाणकाम करणाऱ्यासाठी या भूशास्त्राचा अर्थ असा की शिरा सलग नाहीत. एक शीर हातभर चालते, मग लुप्त होते, मग दहा पावलांवर कुठल्या तरी तिरक्या भेगेत पुन्हा दिसते. महिनोन्‌महिने खणून फक्त दगड निघतो. मग एखाद्या दिवशी वितभर पोकळीत मूठभर हिरवे स्फटिक सापडतात. कोळशाच्या थरासारखा आज इतका, उद्या तितका असा हिशेब इथे मांडताच येत नाही.

खोऱ्याचा इतिहास

या खोऱ्याला खाणी नव्या नाहीत. नवव्या-दहाव्या शतकात पंजशीरच्या चांदीचा मोठा बोलबाला होता आणि इथे टाकसाळही होती. पाचूचा माग मात्र धूसर आहे. रोमन लेखक प्लिनी हिरव्या रत्नांमध्ये बॅक्ट्रियाच्या खड्यांचा उल्लेख करतो, आणि बॅक्ट्रिया म्हणजे हिंदुकुशाच्या उत्तरेचा मुलूख. परंतु प्लिनीच्या काळी कुठलाही हिरवा दगड त्या नावाखाली खपत असे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या दागिन्यांमधल्या पाचूतील ऑक्सिजनची समस्थानिके, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू, मोजली गेली; त्यांच्या प्रमाणावरून खडा कुठल्या खाणीतला ते ओळखता येते. त्यात फ्रान्समध्ये सापडलेल्या रोमन काळातील कर्णभूषणाचा पाचू आजच्या पाकिस्तानातल्या स्वातच्या खोऱ्यातला निघाला. स्वातची खाण विसाव्या शतकात ‘सापडली’ असे तोवर सगळे मानत होते. त्याच अभ्यासाने आपल्याकडच्या एका समजुतीलाही धक्का दिला. अठराव्या शतकात भारतात घडवलेले ‘जुन्या खाणीचे’ बहुतेक उंची पाचू आशियातल्या कुठल्या लुप्त खाणीतले नव्हते. ते कोलंबियाहून, स्पेनच्या किंवा थेट फिलिपाइन्सच्या मार्गाने आलेले होते.

पंजशीरच्या पाचूचा आधुनिक इतिहास १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, सोव्हिएत भूवैज्ञानिकांच्या पाहणीने सुरू होतो. बुजमाल गावाजवळ त्यांना पाचू मिळाला आणि नकाशावर खुणा झाल्या. पद्धतशीर खाणकाम उभे राहण्याआधीच डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. पंजशीर हा त्यांच्याशी लढणारे सेनानी अहमदशाह मसूद यांचा बालेकिल्ला. १९८० ते १९८५ या काळात या खोऱ्यावर एकामागून एक मोठे हल्ले झाले, आणि मसूद यांनी ते परतवले. युद्धाला पैसा लागतो. शेजारच्या बदख्शानचा लाजवर्द हा निळा दगड आणि पंजशीरचा पाचू हे त्या पैशाचे झरे बनले. खाणकाम करणारे खडे काढत, त्यावर मसूद यांच्या संघटनेचा कर बसे आणि माल डोंगरवाटांनी पाकिस्तानातल्या पेशावरच्या नमक मंडी या रत्नबाजारात जाई.

म्हणजे पाचूचा हा व्यवसाय पहिल्या दिवसापासून युद्धाच्या घाईत वाढला. न फुटलेल्या सोव्हिएत बॉम्बमधली स्फोटके काढून ती बोगद्यांत वापरली गेली. खोऱ्यावर पडलेल्या बॉम्बनेच खोऱ्याचा डोंगर फोडला, हे वाचताना मी थांबलो होतो. त्या माणसांपुढे दुसरा मार्ग नव्हता हे मला कळते. पण त्या दिवसांत हाताला लागलेली सवय युद्ध ओसरल्यावरही टिकली.

१९९० च्या उन्हाळ्यात अमेरिकी रत्नव्यापारी गॅरी बॉवरसॉक्स खोऱ्यात पोहोचले, आणि पुढच्या वर्षी भूवैज्ञानिकांबरोबर त्यांनी या खाणींचा पहिला सविस्तर वृत्तांत छापला. १९० कॅरेटपेक्षा जड स्फटिक निघाल्याच्या वार्ता त्यात नोंदल्या आहेत. एवढ्या मोठ्या स्फटिकाबद्दल वाचले की मला दर वेळी तोच प्रश्न पडतो. त्याच शिरेतले किती स्फटिक तुकड्यांच्या रूपानेच बाहेर आले असतील?

सुरुंगाचे गणित

बोगद्याच्या टोकाला छिद्रे पाडायची, दारू ठासायची, वात लावून बाहेर पळायचे. धूर विरला की आत जाऊन राडारोडा उपसायचा आणि दिव्याच्या उजेडात हिरवे काही चमकते का ते पाहायचे. कामाचा क्रम एवढाच. छिद्रे पाडताना दगडाची पूड थेट फुप्फुसात जाते. वारा खेळण्याची सोय फारशी नाही. दगड कोसळून माणसे जखमी होतात, मरतात. हे सगळे सोसून जे बाहेर येते त्याचे काय होते, ते पाहावे.

पाचूचा कठीणपणा मोहस मापावर दहापैकी साडेसात ते आठ. ओरखडा सहज पडत नाही. पण कठीण असणे आणि धक्का सोसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पाचू ठिसूळ आहे, आणि बहुतेक स्फटिकांत जन्मापासूनच बारीक तडे असतात. शिरेपासून हातभर अंतरावर प्रमाणाबाहेर दारू उडवली की तिचा हादरा खडकातून जसा जातो तसाच स्फटिकातूनही जातो. काही खडे फुटतात. जे फुटत नाहीत त्यांच्यातले जुने तडे लांबतात, नवे पडतात.

समजा, वीस कॅरेटचा एक अखंड स्फटिक आहे आणि त्यातून पैलू पाडून पाच कॅरेटचा एक खडा निघतो. त्याच स्फटिकाचे तीन तुकडे झाले तर एकेक कॅरेटचे तीन खडे मिळतात. वजन पाचाचे तीन झाले. पाचूचा कॅरेटमागचा दर मात्र खड्याच्या आकाराबरोबर चढतो; तो या लहान खड्यांना निम्मा मिळाला असे धरू. मग एकूण किंमत मूळच्या तीस टक्क्यांवर येते. आकडे कल्पित आहेत, पण उतरण कशी होते ते यातून दिसते. सत्तर टक्के नाहीसे झाले आणि ते कोणत्याही दलालाच्या खिशात गेले नाहीत. चोरीला गेलेला पैसा निदान कुठे तरी असतो. हा कुठेच नाही.

तडे गेलेला खडा पुढे तेलात जातो. सीडरचे तेल किंवा कृत्रिम राळ तड्यांत मुरवली की तडे दिसेनासे होतात, कारण तेलाचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, पाचूच्या जवळपास असतो. ही पद्धत शतकानुशतके चालत आली आहे आणि ती सांगून केली तर त्यात फसवणूक नाही. पण आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळा प्रमाणपत्रावर तेलाचे प्रमाण लिहितात: नाही, नगण्य, थोडे, मध्यम, बरेच. ‘नाही’ आणि ‘मध्यम’ या दोन शब्दांमधले भावाचे अंतर प्रचंड आहे. प्रत्येक तडा सुरुंगाचा नसतो, निसर्गाचेही असतात. तरीही खेंजच्या वरच्या बोगद्यात एखाद्या दुपारी जास्तीची ठासलेली दारू पुढे कधी तरी जिनिव्हाच्या प्रमाणपत्रावर एका शब्दाच्या रूपाने उतरते, आणि तो शब्द किंमत पाडतो.

मग खाणकाम करणाऱ्यांना हे कळत नाही का? त्यांना ते माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले कळते. फुटका स्फटिक पहिल्यांदा त्यांच्याच हातात येतो. तरी ते सुरुंगच लावतात, आणि त्यांच्या जागी कोणीही तेच करील. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचे महिने मोजके. बोगद्यात पैसे घालणारा वेगळा. सुरुंगाची दारू, इंधन, धान्य त्याने पुरवलेले, आणि माल निघाला की वाटे पडायचे. माल निघेपर्यंत मजुरी नाही. डोंगराच्या पलीकडच्या अंगाने दुसरी टोळी त्याच शिरेकडे सरकत असू शकते, आणि आत जमिनीखाली हद्द कुणाची कुठे संपते हे दाखवणारा दोघांना मान्य असा नकाशा नाही. त्यात भर म्हणजे राज्य बदलते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून राजेशाही, प्रजासत्ताक, साम्यवादी राजवट, मुजाहिदीन, मसूद यांचा अंमल, पुन्हा प्रजासत्ताक आणि आता तालिबान, एवढ्यांचे हुकूम या डोंगराने पाहिले. छिन्नीने सावकाश काढायची शीर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आपली राहील याची खात्री नसेल, तर ती आजच उडवणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. माणूस अडाणी आहे म्हणून खडा फुटत नाही. उद्याचा भरवसा नाही म्हणून फुटतो.

कागदावरचे गाव

किंमत घटण्याची दुसरी जागा खोऱ्यापासून फार दूर आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात रॉकफेलर कुटुंबाचा १८.०४ कॅरेटचा पाचू सुमारे ५५ लाख डॉलरला गेला. कॅरेटमागे तीन लाख डॉलरच्या वर, पाचूसाठी तोवर कधीच न मिळालेला दर. तो कोलंबियाचा होता. कोलंबिया हे नाव चारशे-साडेचारशे वर्षांच्या ख्यातीने भारलेले आहे, आणि तशाच रंगाच्या, तशाच स्वच्छतेच्या दुसऱ्या देशातल्या खड्यापेक्षा त्याला बाजार जास्त देतो.

आता त्या खारट थेंबांकडे येऊ. कोलंबियाच्या पाचूत दातेरी कडांच्या सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक असे तिन्ही एकत्र सापडतात. पूर्वी ही खूण दिसली की कोलंबिया, असा सरधोपट निवाडा होई. पंजशीरचा पाचूही खारट पाण्यातून जन्मलेला, त्यामुळे त्यातही अशा पोकळ्या आहेत. पुष्कळदा त्या लांबट असतात आणि आत एकाऐवजी अनेक स्फटिक असतात, पण गेल्या दशकात आलेल्या काही मालात त्या कोलंबियासारख्याच दिसतात. प्रयोगशाळांना त्यामुळे सूक्ष्मदर्शकावर थांबता येत नाही. खड्यातले लोह, अल्क धातू आणि स्कँडियमसारखे अंशमात्र घटक मोजून गाव ठरवावे लागते.

पेशावरच्या काळात या खड्यांना गाव असणेच गैरसोयीचे होते. युद्धक्षेत्रातला माल, कागदपत्रे नाहीत, सीमा चोरून ओलांडलेली. गावाचे नाव पुसून माल पुढे सरकवणे सगळ्यांच्या सोयीचे. पंजशीरने बाजारात उत्तम खडे घातले आणि त्या नावाची ख्याती मात्र वर्षानुवर्षे साचली नाही. खडे गेले, नाव मागे राहिले. आज मोठ्या प्रयोगशाळा पंजशीरचे नाव कागदावर स्पष्ट लिहितात आणि जाणकार संग्राहक ते मागूनही घेतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

आपल्या घरांत पाचू येतो तो बहुधा बुधाचे रत्न म्हणून. करंगळीत घालायचा, आणि तो ‘निर्दोष’ हवा असा आग्रह असतो. आतून काचेसारखा स्वच्छ नैसर्गिक पाचू इतका दुर्मीळ आहे की परवडणाऱ्या किमतीत तो मागितला की दुकानदारापुढे दोनच वाटा उरतात: तड्यांत भरपूर राळ भरलेला खडा किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला. आतली बारीक हिरवी गुंतागुंत ही पाचूच्या जन्माची साक्ष आहे. तिला डाग म्हणणे अन्यायाचे आहे. खरेदीच्या वेळी देशाच्या नावाआधी तेलाची ओळ वाचावी, असे मी ओळखीच्यांना नेहमी सांगतो.

आजची स्थिती, आणि काय करता येईल

सप्टेंबर २०२१ मध्ये पंजशीर तालिबानच्या हाती गेले. काबूल पडल्यावरही काही आठवडे झुंजलेला हा शेवटचा प्रांत. नव्या राजवटीने परवाने दिले आणि खोऱ्यातच पाचूचे नियमित लिलाव सुरू केले. विक्रीवर कर वसूल होतो. देशाच्या मध्यवर्ती बँकेचा परदेशांतला पैसा गोठलेला, बँकांचे व्यवहार अडलेले, अशा अवस्थेत जमिनीतून थेट मिळणारा पैसा राज्यकर्त्यांना हवाच असणार. बाहेरच्या खरेदीदाराची अडचणही खरी आहे. ज्या राजवटीने मुलींच्या माध्यमिक शाळा बंद केल्या तिच्या तिजोरीत आपला पैसा जावा का, हा प्रश्न अनेकजण विचारतात आणि तो विचारायलाच हवा. ज्यांनी खरेदी थांबवली त्यांना मी दोष देणार नाही. खोऱ्यातल्या कुटुंबांकडे मात्र पैसा देणारे दुसरे फारसे काही नाही, हेही त्याच वेळी डोळ्यांपुढे ठेवतो.

गावातच उघडा लिलाव होणे मला मुळात योग्य वाटते. पण नुसत्या लिलावाने फार काही साधत नाही. झांबियातली कागेम ही खाण याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात जेमफिल्ड्स कंपनीचा ७५ टक्के आणि सरकारचा २५ टक्के वाटा आहे. २००९ पासून तिथला कच्चा माल प्रतवारी लावून लिलावात जातो आणि खरेदीदाराला कोणता ढीग कोणत्या दर्जाचा हे आधी कळते. तिथेही मोठा खडक सुरुंगानेच फोडतात. पाचूचा पट्टा जवळ आला की मात्र यंत्रे थांबतात आणि माणसे छिन्नी-हातोडा घेऊन बसतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे ५,६५५ कॅरेटचा एक स्फटिक निघाला. त्याचे नाव इंकालामू, बेम्बा भाषेत सिंह. तो विकत घेतला एका भारतीय कंपनीने.

कागेमचे यंत्र उचलून पंजशीरमध्ये बसवता येणार नाही, आणि बसवू नये. तिथे एक कंपनी, एक खड्डा. इथे शेकडो बोगदे आणि त्यांच्यावर हक्क सांगणारी शेकडो घरे. कंपनी आली तर ही घरे आपल्याच डोंगरावर मजूर होतील. उचलायची ती फक्त शेवटच्या दोन हातांची शिस्त. बोगदा सुरुंगाने न्यावा, पण शीर दिसली की छिन्नी, पहार आणि छिद्रात भरली की फुगून दगड सावकाश तडकवणारी पूड वापरावी. दगडाच्या खाणींत ही पूड नेहमीची आहे. तिला वेळ लागतो, आणि वेळ द्यायचा तर हद्द पक्की हवी. म्हणून मी असतो तर पहिला पैसा यंत्रावर घातला नसता. आधी बोगद्यांची आतून मोजणी करून घेतली असती, आणि शेजारच्या टोळ्यांनी जिरग्यात, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, बसून मान्य केलेला, किमान पाच वर्षे न बदलणारा नकाशा करून घेतला असता.

एका हंगामात हे तपासूनही पाहता येईल. एकाच धारेवरचे दोन शेजारी बोगदे घ्यावेत. एक नेहमीसारखा चालू द्यावा. दुसऱ्यात शिरेजवळ सुरुंग बंद, आणि त्यामुळे काम मंदावेल तेवढ्या दिवसांची मजुरी आगाऊ. दोन्हीकडे रोज एकच नोंद ठेवायची: किती स्फटिक अखंड निघाले, त्यांचे वजन किती, आणि बर्फ पडण्याआधीच्या शेवटच्या लिलावात त्यांना काय मिळाले. दोन्ही वह्या खेंजच्या बाजारात उघड्या ठेवाव्यात.